पाच-सहा वर्षं शिकतात तरी काय?

घरातली मुलगी किंवा शेजारचा मुलगा रेणवीय जीवशास्त्रात, म्हणजे मॉलिक्युलर बायोलॉजीत, पीएच.डी. करतोय असं कळलं की पहिला प्रश्न येतो, "परीक्षा कधी आहे?" दोन वर्षांनी तोच माणूस विचारतो, "अजून झाली नाही?" आणि त्यानंतरच्या भेटीत, जरा अवघडून, "पण इतकी वर्षं शिकतात तरी काय?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ वर्षं द्यावी लागतात आणि ६ वर्षांत ती पुरी करायची असते. पुनर्नोंदणी करून मुदत वाढवून मिळते, स्त्रियांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं आणि त्याची परीक्षा होते. ती झाली की प्रश्नपत्रिका आणि गुणपत्रिका हा प्रकार आयुष्यातून जवळजवळ संपतो. शेवटी प्रबंध लिहायचा आणि त्यावर तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा द्यायची. रेणवीय जीवशास्त्रात या सगळ्याला पाच-सहा वर्षं सहज लागतात.

तिसरा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर क्वचितच मिळतं. जे शिकत असतात ते दमलेले असतात आणि ज्यांचं शिकून झालेलं असतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. म्हणून हे प्रकरण.

१. एम.एस्सी. जिथे संपते

आधी विषयाची तोंडओळख. आपल्या पेशींत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. ए, टी, जी, सी अशा चार घटकांची ती एक लांब माळ असते. त्या माळेतल्या ठरावीक तुकड्याला जनुक म्हणतात. गरज पडली की पेशी त्या जनुकाची आरएनए नावाची तात्पुरती नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनवते. अन्न पचवणं, ऑक्सिजन वाहून नेणं, स्नायू आखडणं ही सगळी कामं प्रथिनांची. डीएनए, आरएनए आणि प्रथिनं यांच्या या व्यवहाराचा अभ्यास म्हणजे रेणवीय जीवशास्त्र.

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए जवळपास तोच असतो. तरी दोन्हींची कामं इतकी वेगळी, कारण कोणती जनुकं चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे प्रत्येक पेशीत वेगळं ठरलेलं असतं. ही चालू-बंद करण्याची यंत्रणा पहिल्यांदा स्पष्टपणे मांडली ती फ्रान्सच्या फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी, १९६१ साली. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू दुधातली साखर पचवणारी प्रथिनं एरवी बनवत नाही. ती साखर समोर आली की मग बनवतो. असं कसं होतं, त्याचं उत्तर त्यांनी शोधलं.

एम.एस्सी.चा चांगला विद्यार्थी हे उत्तर आकृतीसह पाच पानं लिहू शकतो. पीएच.डी.ला आल्यावर मात्र त्याला वेगळाच प्रश्न पडायला हवा: हे त्यांना कळलं कसं? त्यांनी असं काय केलं, की दुसरं कुठलंच स्पष्टीकरण शिल्लक राहिलं नाही? माझ्या मते पुढच्या पाच-सहा वर्षांचं सगळं शिक्षण या एका प्रश्नाभोवती फिरतं. बाकी यंत्रं, रसायनं, सॉफ्टवेअर बदलत राहतात.

२. विरजणाच्या चार वाट्या

समजा शेजारच्या काकूंनी तुम्हाला नवं विरजण दिलं आणि सांगितलं, "याचं दही बघ कसं घट्ट लागतं." तुम्ही रात्री कोमट दुधात ते घातलं आणि सकाळी घट्ट दही लागलं. विरजण चांगलं आहे हे सिद्ध झालं का?

घाई करू नका. मे महिना असेल, भांड्याला कालचं दही लागलेलं असेल, तर दूध एरवीही लागलंच असतं. म्हणून एकाच पातेल्यातलं दूध चार वाट्यांत घ्यायचं. पहिल्या वाटीत काकूंचं विरजण. दुसरीत काहीच नाही. ही वाटीसुद्धा सकाळी लागलेली निघाली, तर काकूंच्या विरजणाला श्रेय देता येणार नाही. तिसरीत तुमचं रोजचं, खात्रीचं विरजण. ही वाटीच जर लागली नाही, तर दूध जास्त गरम होतं किंवा रात्र फार थंड होती, काकूंना दोष नको. चौथीत काकूंचंच विरजण, पण उकळून थंड केलेलं. दही लावणारे जिवाणू उकळल्यावर मरतात, त्यामुळे ही वाटी लागली तर काम जिवाणूंचं नव्हतं, दुसऱ्याच कशाचं तरी होतं. चारही वाट्या एकाच फळीवर ठेवायच्या. आणि सकाळी घट्टपणा तपासणाऱ्याला कोणती वाटी कोणती ते सांगायचं नाही, म्हणजे काकूंच्या प्रेमापोटी त्याचा निर्णय कलणार नाही.

दुसऱ्या वाटीला प्रयोगशाळेत निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात, तिसरीला पॉझिटिव्ह कंट्रोल. चौथ्या वाटीसारखी तपासणी आजही रोज होते: पेशींचा अर्क उकळून निकामी करायचा आणि परिणाम नाहीसा होतो का ते पाहायचं. लॅब मीटिंगमध्ये नव्या विद्यार्थ्यानं पहिल्यांदा निकाल दाखवला की मागच्या खुर्चीवरून हमखास विचारलं जातं, "कंट्रोल कुठाय?" सुरुवातीला हा प्रश्न अपमानासारखा वाटतो. वर्षभरानं विद्यार्थी तो स्वतःलाच विचारायला लागतो, तेही प्रयोग सुरू करण्याआधी. शिक्षण लागू पडतंय याची माझ्या लेखी ही पहिली खूण.

३. आधी भाकीत, मग प्रयोग

चांगला प्रयोग कसा दिसतो हे शिकवायला जगभर एक उदाहरण वापरतात आणि ते वापरायलाच हवं. मॅथ्यू मेसेल्सन हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये, लायनस पॉलिंग यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. १९५४च्या उन्हाळ्यात वुड्स होल इथे त्याची फ्रँकलिन स्टाल याच्याशी ओळख झाली. त्या दोघांनी पुढे कॅलटेकमध्ये केलेला प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला.

प्रश्न असा होता. डीएनएचा रेणू दुपदरी असतो. पेशी विभागताना त्याची प्रत निघते. ती निघते कशी? तीन शक्यता होत्या. एक, जुना दुपदरी रेणू तसाच राहतो आणि शेजारी पूर्ण नवा तयार होतो. दोन, जुने पदर सुटे होतात आणि प्रत्येकाला एक नवा पदर जोडला जातो. तीन, जुन्याचे तुकडे होऊन नव्या-जुन्याची सरमिसळ होते.

त्यांनी जिवाणूंना अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवलं. नायट्रोजनच्या अणूचे साधा आणि थोडा जड असे दोन्ही प्रकार निसर्गात असतात. डीएनएत नायट्रोजन असतोच, त्यामुळे या जिवाणूंचा डीएनए जड झाला. मग त्यांना अचानक साध्या नायट्रोजनवर टाकलं आणि प्रत्येक पिढीनंतर डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिशय वेगानं बरेच तास फिरवला. अशा द्रावणात डीएनए आपापल्या घनतेच्या पातळीवर जाऊन थांबतो. जड खाली, हलका वर.

आता कागद घ्या आणि स्वतः करून पाहा. सुरुवातीला एक जड रेणू. एका पिढीनंतर दोन रेणू. पहिली शक्यता खरी असेल तर एक जड आणि एक हलका, म्हणजे दोन पट्टे दिसतील. दुसरी किंवा तिसरी खरी असेल तर दोन्ही रेणू मधल्या वजनाचे, म्हणजे मधोमध एकच पट्टा. प्रत्यक्षात मधे एकच पट्टा दिसला. पहिली शक्यता बाद झाली, दुसरी आणि तिसरी अजून शिल्लक.

दुसऱ्या पिढीनंतर चार रेणू. दुसऱ्या शक्यतेप्रमाणे दोन मधल्या वजनाचे आणि दोन हलके. तिसरीप्रमाणे चारही सारखेच, मधल्यापेक्षा थोडे हलके. प्रत्यक्षात दोन पट्टे दिसले, एक मध्यावर आणि एक हलक्याच्या जागी, दोन्ही सारख्याच प्रमाणात. तिसरी शक्यताही गेली.

यात कंट्रोलही होता. सुरुवातीचा जड डीएनए आणि पुढच्या पिढ्यांचा डीएनए मुद्दाम एकत्र मिसळून त्यांनी फिरवला, त्यामुळे कोणता पट्टा कुठे पडतो याबद्दल शंका उरली नाही. विद्यार्थ्यानं या प्रयोगातून घ्यायचं ते असं: प्रयोगाआधी तिन्ही शक्यतांची भाकितं लिहून झालेली होती आणि ती एकमेकांपासून वेगळी होती. सगळ्या शक्यतांचं भाकीत सारखंच निघत असेल, तर तो प्रयोग कितीही महागड्या यंत्रावर करा, हाती काही लागत नाही. अशा प्रयोगांत विद्यार्थ्यांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एक दुपार कागद-पेन्सिल घेऊन बसलं असतं तर ते टळलं असतं.

४. प्रश्न येतो कुठून?

हे शिक्षण आपल्याकडे कसं रुजलं ते पाहण्यासाठी मुंबईत कुलाब्याला जायला हवं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि तो ओबैद सिद्दिकी यांच्याकडे सोपवला. सिद्दिकी ग्लासगोत पीएच.डी. करून आणि अमेरिकेत काम करून परतले होते. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या संस्थेत जीवशास्त्राचा हा छोटा गट वाढला, आणि पुढे १९९०च्या दशकात बंगळुरूचं राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रही त्यातूनच उभं राहिलं.

सत्तरच्या दशकात सिद्दिकी जिवाणूंकडून फळमाशीकडे वळले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ती ही बारीक माशी. कॅलटेकमधल्या सेमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी अशा माशांचा अभ्यास केला, ज्यांच्या एखाद्या जनुकात बिघाड असल्यामुळे तापमान वाढलं की त्या लुळ्या पडतात आणि थंड झालं की पुन्हा चालू लागतात. मग मुंबईत त्यांनी विचारलं, माशीला वास कसा कळतो?

या प्रश्नावर काम करायला त्यांच्याकडे वेरोनिका रॉड्रिग्ज ही विद्यार्थिनी आली. मूळ गोव्याच्या कुटुंबातली, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. तिथून ती पीएच.डी.साठी मुंबईला आली. त्यांचा मार्ग साधा होता. माशांच्या डीएनएत बदल घडवून आणायचे आणि हजारो माशांतून ज्यांना वास ओळखता येत नाही अशा शोधायच्या. माशीला दोन वाटा द्यायच्या, एका बाजूनं वास आणि दुसऱ्या बाजूनं नुसती हवा. निरोगी माशी निवड करते. जिला वास कळत नाही ती दोन्हीकडे सारखीच जाते. मग त्या माशीत कोणतं जनुक बिघडलंय ते हुडकायचं. १९७८ साली या दोघांचा शोधनिबंध भारतातल्याच नियतकालिकात आला. वास ओळखणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि त्यांना २००४ साली नोबेल मिळालं. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी मुंबईतली एक विद्यार्थिनी वासाचा प्रश्न जनुकांच्या भाषेत विचारत होती. रॉड्रिग्ज पुढे त्याच विभागात प्राध्यापक झाल्या आणि त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

'वास कसा कळतो' हा प्रश्न कोणालाही पडू शकतो. त्याचं रूपांतर 'कोणत्या माश्या या फाट्यावर चुकतात' इतक्या मोजता येण्याजोग्या प्रश्नात करणं, हे शिकायला वर्षं लागतात. पहिल्या वर्षी विद्यार्थी गाईडकडे जातो तो बहुधा कर्करोग बरा करण्याचा विषय घेऊन. दीड-दोन वर्षांनी त्याचा विषय एका प्रथिनाच्या एका टोकापुरता उरलेला असतो. घरच्यांना यात घसरण दिसते, पण उत्तर मिळण्याची शक्यता तिथूनच सुरू होते.

५. हात बसणं

आता बेंचवर येऊ. रेणवीय जीवशास्त्रातला विद्यार्थी दिवसाचा मोठा भाग रंगहीन पाणी एका नळीतून दुसऱ्या नळीत टाकत असतो. ते पाणी मोजायचं एकक म्हणजे मायक्रोलिटर, मिलिलिटरचा हजारावा भाग. त्यासाठी पिपेट नावाचं हातात धरायचं साधन असतं.

पीसीआर हे तंत्र कोविडमुळे सगळ्यांना नावानं माहीत झालं. कॅरी मुलिस यांना १९८३ साली ते सुचलं. डीएनएचं मिश्रण तापवायचं म्हणजे पदर सुटे होतात, थंड करायचं म्हणजे प्रायमर नावाचे छोटे तुकडे ठरलेल्या जागी चिकटतात, मग मधल्या तापमानाला एक प्रथिन तिथून पुढे नवा पदर जोडतं. एका चक्रात दुप्पट. १० चक्रांनंतर एका रेणूचे १,०२४. २० चक्रांनंतर दहा लाखांहून जास्त. ३० चक्रांनंतर १,०७,३७,४१,८२४, म्हणजे १०७ कोटींहून जास्त. प्रत्यक्षात वाढ थोडी कमी भरते, पण हिशेब हाच.

आता याची दुसरी बाजू. हातमोज्यावरून, हवेतून किंवा काल वापरलेल्या पिपेटमधून नको असलेला एकच रेणू नळीत पडला, तर त्याचेही १०७ कोटी होतात. म्हणून प्रत्येक वेळी एक नळी अशी ठेवतात जिच्यात डीएनए सोडून सगळं घातलेलं असतं. या नळीतही डीएनए वाढलेला दिसला तर त्या दिवसाचे बाकीचे सगळे निकाल, कितीही सुंदर असले तरी, बाद. बाटल्या टाकून द्यायच्या, बेंच पुसायचा आणि पुन्हा सुरुवात करायची.

हातासोबत डोकंही लागतं. समजा ८ नळ्या आहेत आणि प्रत्येकीत ते जोडणारं प्रथिन ०.२५ मायक्रोलिटर टाकायचं आहे. इतकं कमी द्रव पिपेटनं आठ वेळा बिनचूक मोजता येत नाही. म्हणून ९ नळ्यांना पुरेल इतकं मिश्रण एकत्र करतात, म्हणजे २.२५ मायक्रोलिटर एकदाच घ्यायचं. ते नीट मोजता येतं, सगळ्या नळ्यांत सारखंच जातं आणि पिपेटच्या टोकाला चिकटून वाया जाणाऱ्याची भरपाई नवव्या वाट्यातून होते. ही युक्ती पुस्तकात एका ओळीत असते. ती अंगवळणी पडते बाजूच्या बेंचवर सीनियर उभा असतो तेव्हा.

आरएनएचं काम त्याहून नाजूक. आपल्या त्वचेवर आरएनए तोडणारी प्रथिनं असतात आणि ती उकळूनही सहज निकामी होत नाहीत. बोट लागलं की नमुना गेला. या कामाला बसलेला विद्यार्थी फोन उचलत नसेल, तर घरच्यांनी रागावू नये.

आणि नोंदवही. तारीख, कोणत्या बाटलीतलं रसायन, किती, कितव्या मिनिटाला, काय चुकलं, सगळं त्याच वेळी लिहायचं, पान फाडायचं नाही. चार वर्षांनी प्रबंध लिहिताना किंवा कोणी निकालावर शंका घेतली तर आठवण उपयोगाची नसते, वही असते.

६. नाताळच्या दिवशीचा पट्टा

१९८४ साली कॅरल ग्रायडर ही विद्यार्थिनी बर्कलेच्या विद्यापीठात एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या लॅबमध्ये रुजू झाली. डिसलेक्सियामुळे तिला प्रवेश परीक्षेत चांगले गुण पडले नव्हते आणि बऱ्याच विद्यापीठांनी तिला मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. तिनं हाती घेतलेला प्रश्न धाडसी होता. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा रेणूचं अगदी शेवटचं टोक पूर्ण उतरवू शकत नाही. मग दर विभागणीला गुणसूत्र आखूड होत जायला हवं. तसं होऊन सगळं संपत नाही, म्हणजे टोकं वाढवणारं काहीतरी पेशीत असलं पाहिजे. ते काय?

तिनं टेट्राहायमेना हा तळ्यात राहणारा एकपेशीय जीव घेतला. त्याच्या गुणसूत्रांच्या टोकाला टीटीजीजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. पेशींच्या अर्कात तिनं असाच एक छोटा कृत्रिम तुकडा टाकला आणि तो वाढतो का ते किरणोत्सारी घटक वापरून पाहिलं. २५ डिसेंबरला ती लॅबमध्ये आली आणि एक्स-रे फिल्म पाहिली. फिल्मवर पट्ट्यांची शिडी होती आणि दर सहा अक्षरांवर एक पायरी. टोकाला सहा-सहा अक्षरं जोडली जात होती. घरी जाऊन ती गाणं लावून नाचली, असं तिनं पुढे सांगितलं आहे.

पण मला या गोष्टीत त्यानंतरचे महिने जास्त मोलाचे वाटतात, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. हवा तो निकाल डोळ्यांसमोर असताना त्याच्याविरुद्ध पुरावे शोधत बसणं फार कठीण असतं. ती शिडी एखाद्या नेहमीच्या, डीएनएची प्रत काढणाऱ्या प्रथिनाची करामत असू शकत होती. अर्कात पडलेल्या पेशीच्याच डीएनएवरून नक्कल निघत असू शकत होती. मग अर्क तापवून पाहिला, क्रिया थांबली. प्रथिनं तोडणारं रसायन टाकलं, तरीही थांबली. म्हणजे काम प्रथिनाचं. भलत्याच अक्षरांचे तुकडे टाकले, ते वाढले नाहीत. यीस्ट या वेगळ्याच जीवाच्या टोकाचा तुकडा टाकला. तो वाढला, आणि त्याला जोडली गेली टेट्राहायमेनाची सहा अक्षरं. यीस्टचा तुकडा स्वतःसोबत ती अक्षरं आणू शकत नव्हता, म्हणजे ती अक्षरं जोडणाऱ्याकडेच असली पाहिजेत. हे सगळं झाल्यावर १९८५च्या अखेरीस निबंध छापला गेला. १९८७ साली ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांनी दाखवलं की आरएनए नष्ट केला की हे काम बंद पडतं, कारण त्या प्रथिनासोबत आरएनएचा एक साचा असतो. त्याच वर्षी तिची पीएच.डी. झाली. या रेणूला आपण आज टेलोमरेज म्हणतो आणि गुणसूत्रांच्या टोकांवरच्या या शोधांसाठी २००९चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना मिळालं.

७. तीनदा म्हणजे किती वेळा?

विद्यार्थी सांगतो, "सर, तीनदा केलंय." इथे गाईड थांबवतो. एकाच दिवशी वाढवलेल्या पेशी तीन नळ्यांत विभागल्या आणि तीन आकडे आले, तर ते एकाच पातेल्यातलं दूध तीन वाट्यांत ओतण्यासारखं झालं. त्यातून तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं. विरजणाबद्दल काही म्हणायचं असेल तर तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या दुधावर लावायला हवं. पहिल्या प्रकाराला तांत्रिक पुनरावृत्ती म्हणतात, दुसऱ्याला जैविक पुनरावृत्ती. छापलेल्या निबंधातही या दोन्हींची गल्लत सापडते, म्हणून निबंध वाचताना आकृतीखालचा बारीक मजकूर आधी वाचायला शिकवतात.

हे वाचन जर्नल क्लबमध्ये होतं. दर आठवड्याला एक विद्यार्थी नवा निबंध सगळ्यांसमोर मांडतो. चांगल्या जर्नल क्लबात सारांश वाचत बसत नाहीत. आकृती पडद्यावर येते आणि चर्चा होते: इथून लेखक म्हणतात ते निघतं का? आणखी कशानं हे झालं असतं? प्रसिद्ध नियतकालिकातल्या निबंधातही कंट्रोल राहून गेलेला असतो, हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं तेव्हा विद्यार्थी सरळ बसतो.

८. प्रयोग चालत नाही तेव्हा

खरं सांगायचं तर बहुतेक दिवशी प्रयोग चालत नाही. प्रायमर चुकीचा असतो, प्रथिन फ्रीझरबाहेर राहिलेलं असतं, पावसाळ्यात पेशींच्या बाटलीत बुरशी येते. आणि काही वेळा सगळं नीट चालतं, पण पेशीच भलत्या असतात. १९६६ साली स्टॅनली गार्टलर यांनी दाखवलं की माणसाच्या वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेला नावाच्या एकाच वंशाच्या होत्या. हेला पेशी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, तिला न विचारता घेतलेल्या. त्या इतक्या जोमानं वाढतात की दुसऱ्या बाटलीत शिरल्या तर मूळ पेशींना मागे टाकतात. म्हणून पेशी ओळख पटवलेल्या हव्यात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे अशा पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे आणि देशभरच्या लॅब तिथून पेशी मागवतात.

सहा महिने काहीच लागत नाही तेव्हा मोह होतो: नको तो पट्टा चित्रातून कापावा, न जुळणारा आकडा सोडून द्यावा. आपल्याकडे आता पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशनाची नीती हा २ क्रेडिटचा भाग सक्तीचा आहे. तो हवाच. पण मला वाटतं, खरी नीती लॅब मीटिंगमध्ये शिकली जाते. 'चाललं नाही' हे वाक्य जिथे मान खाली न घालता उच्चारता येतं, तिथला विद्यार्थी खोटं बोलत नाही. जिथे गाईडला दर सोमवारी चांगलाच निकाल हवा असतो, तिथे तो हळूहळू मिळायलाही लागतो. हे मी फार गंभीरपणे लिहितो आहे.

९. जायचं असेल तर

भारतात या वाटेला लागायचं मोठं दार म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. जीवशास्त्राचा पेपर तीन तासांचा आणि २०० गुणांचा. त्यातले निम्मे म्हणजे १०० गुण 'क' भागाला, आणि त्या भागात बहुधा प्रयोगाची माहिती देऊन निष्कर्ष विचारतात. पाठांतराची खरी अडचण तिथेच होते, आणि तयारी करणाऱ्यानं मेसेल्सन-स्टालसारखे प्रयोग कागदावर सोडवत बसावं, इतकंच मी सुचवेन. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. पैसे काही वेळा महिनोन्महिने उशिरा येतात, तेव्हा थोडी शिल्लक बाजूला हवी. टाटा संस्था आणि बंगळुरूचं केंद्र यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते.

वय आणि मूळ विषय यांची चिंता बरेच जण करतात. डीएनएची दुपदरी रचना सापडली तेव्हा फ्रान्सिस क्रिक ३६ वर्षांचे होते आणि त्यांची पीएच.डी. व्हायची होती. वेंकी रामकृष्णन यांनी बडोद्यात भौतिकशास्त्र शिकून १९७६ साली अमेरिकेत त्याच विषयात पीएच.डी. मिळवली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला सॅन डिएगोत पुन्हा विद्यार्थी म्हणून नाव घातलं. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी त्यांनाही २००९चं नोबेल मिळालं, रसायनशास्त्रातलं.

संस्थेच्या नावापेक्षा लॅबची निवड जास्त जपून करावी. काही संस्था पहिल्या वर्षात दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे महिने काम करू देतात, त्याला रोटेशन म्हणतात. ती संधी मिळाली तर सोडू नये. नसेल मिळत तर निदान एक दिवस जाऊन बसावं आणि गाईड खोलीत नसताना तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावं: मागच्या पाच वर्षांत किती जण आले, किती जण पूर्ण करून गेले आणि आता कुठे आहेत? गाईड नोंदवही वाचतात का, की फक्त आकृत्या? एखादा निकाल दुसऱ्या विद्यार्थ्याला पुन्हा मिळाला नाही, तर इथे काय होतं? गेल्या महिन्याच्या लॅब मीटिंगमध्ये न चाललेला प्रयोग कोणी मांडला होता का, आणि त्यावर किती वेळ बोलणं झालं?